निवडणे आणि वगळणे



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो किमान वेतनावर नाहीतर बोनसवर बोलणार, असा सर्वांचा समज असतो. आम्ही मात्र आज बोलणार आहोत ते संगणकावर छायाचित्र दुरुस्त करताना त्याचा एखादाच भाग कसा निवडावा यावर. ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. परंतु आज बारामती-इंदापुरात ज्याच्या खिशात मोबाईल आहे त्याच्या खिशात कॅमेरा आहे, आणि चित्रातला हवा तो तुकडा उचलण्याचे हत्यारही आहे. हत्यार हाती आले की त्याची धार कोठे आहे हे आधी पाहावे, हा कामगाराचा पहिला धडा. आम्ही हे शिकलो ते कोणत्या महाविद्यालयात नव्हे. युनियनची पत्रके आणि फलक करून घेताना फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटरच्या पाठीशी उभे राहून शिकलो.

जुने छायाचित्र चांदीच्या कणांचे असे. आजचे आकड्यांचे असते. चार हजार चौकोन रुंद आणि तीन हजार उंच असे चित्र घेतले, तर त्यात १ कोटी २० लक्ष चौकोन झाले. यांनाच पिक्सेल म्हणतात. सामान्यतः प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येक शून्यापासून २५५ पर्यंत. ही हत्यारे निघाली तेव्हा संगणकाला माणूस दिसत नव्हता, ऊस दिसत नव्हता. दिसत होते ते या आकड्यांचे रान. निवड करणे म्हणजे त्या रानात बांध घालणे. बांधाच्या आत उजेड वाढवा, रंग बदला. बाहेरच्या तसूभरालाही धक्का लागत नाही. पडद्यावर या बांधावरून मुंग्यांची रांग चालल्यासारखी तुटक रेघ हलत असते.

फोटोशॉप हा कार्यक्रम थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी लिहिला. तो १९९० साली बाजारात आला. तेव्हापासून बांध घालण्याच्या पद्धती वाढत गेल्या. चौकोनी निवड सर्वांत सोपी; दार, फलक, खिडकी यांना पुरते. लासो म्हणजे फास. हाताने वस्तूभोवती रेघ ओढत न्यायची. हात थरथरला की रेघही थरथरते. पेन टूलने ठिकठिकाणी खुंट्या ठोकून त्यांना वळणदार रेघेने जोडता येते. ट्रॅक्टर, मोटार, यंत्र यांच्या स्वच्छ कडांसाठी जाणते ऑपरेटर हेच वापरतात. मॅजिक वाँड म्हणजे जादूची कांडी. एका ठिकाणी टिचकी मारली की तिच्यासारख्या रंगाचे शेजारचे सारे पिक्सेल ती गोळा करते. ‘तिच्यासारखा’ म्हणजे किती सारखा, हे ठरवणाऱ्या आकड्याला टॉलरन्स म्हणतात. धान्याच्या चाळणीचीच ही गोष्ट. भोक बारीक ठेवले तर चांगला दाणाही वर अडकतो, मोठे ठेवले तर खडाही खाली पडतो. पांढरी टोपी घातलेला शेतकरी उन्हाळ्याच्या पांढुरक्या आभाळापुढे उभा असेल, तर ही कांडी आभाळाबरोबर टोपीही घेऊन जाते! तेथे फासानेच काम करावे लागते. अलीकडे एका टिचकीत माणूस ओळखणारी सोय निघाली आहे. तिचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, पण केसांच्या बटा आणि उसाची पाने यांच्यापाशी ती अजूनही अडखळते.

खरी परीक्षा कडेला असते. भिगवण, कुंभारगाव येथे उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात. त्यांचे अंग निवडणे कठीण नाही. पण ते काडीसारखे पाय आणि पाण्यात हलणारी त्यांची सावली निवडून पाहा! म्हणून कड किंचित मऊ करावी लागते. तिला फेदर म्हणतात. मऊ जास्त झाली तर पक्ष्याभोवती धुके जमते, कमी झाली तर कात्रीने कापल्यासारखा दिसतो. आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर पाहा. एका फोटोतले डोके, दुसऱ्यातला हार, मागे तिसरेच आभाळ. आणि पायाखालची सावली न घेता उचललेला पुढारी अधांतरी उभा! ऑपरेटरला हे कळत नाही असे नाही. पण रात्री अकराला फोटो येतो आणि पहाटे फलक लागायचा असतो. त्याला वेळ कोण देतो?

आता एक महत्त्वाची गोष्ट. निवडलेला भाग कापून टाकणे निराळे आणि झाकून ठेवणे निराळे. झाकण्याला मास्क म्हणतात. पूर्वी छापखान्यात नको तो भाग लाल फिल्मने झाकीत. हा त्याचाच वंशज. मास्कवर काळे लावले की चित्र झाकले जाते, पांढरे लावले की परत येते. खालचे मूळ अभंग राहते. आमचे सांगणे असे, की शक्य तेथे झाकावे, कापू नये. आणि मूळ फाइल निराळी जपून ठेवावी.

हा आग्रह कशासाठी, ते एका अनुभवाने सांगतो. एका कारखान्यात आमच्या सभासदाचा हात रोलरमध्ये सापडला. सहकाऱ्याने लगेच यंत्राचा फोटो काढला. पण मागे उजेडाची खिडकी असल्याने यंत्र काळेठिक्कर आले. आमच्या एका तरुणाने तेवढा सावलीचा भाग निवडून उजळला, तेव्हा संरक्षक जाळीच्या बोल्टांची रिकामी भोके स्पष्ट दिसली. समोरच्या पक्षाने लगेच म्हटले, ‘फोटो बनावट आहे.’ आम्ही मूळ फोटो, ज्यावर तो काढला तो मोबाईल आणि उजळलेली प्रत, तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आम्ही काही घातले नव्हते, काही काढले नव्हते. जे होते ते दिसेल असे केले होते. आक्षेप गळून पडला. मूळ पुसले गेले असते, तर त्या माणसाचा हात गेला तो गेला, त्याचा शब्दही गेला असता.

कायद्यानेही आता हा विषय घरात आणला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली अशा डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागते, आणि त्यात फाइलचा हॅश द्यावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एका पिक्सेलचा आकडा बदलला तरी तो बदलतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, म्हणजे ती मूळ फाइल उरत नाही. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, आणि मूळ मोबाईलमधून पुसू नये.

निवडीच्या हत्याराने अन्यायही होतो, आणि त्यात आमची चळवळही निर्दोष नाही. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन सैनिकांपुढे भाषण करीत असताना मंचाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे होते. पुढे ते सत्तेच्या नजरेतून उतरले, आणि त्याच छायाचित्राच्या नंतरच्या प्रतींत तेथे नुसत्या लाकडी पायऱ्या राहिल्या. तेव्हा संगणक नव्हता. ब्रश आणि चाकू होता. दोष हत्याराचा नव्हता.

आपल्याकडे हे लहान प्रमाणात नित्य चालते. उजनीवरच्या पक्ष्यांच्या चित्रातून नावाड्याचा बांबू पुसतात, कारण तो ‘नजरेत खुपतो’. ज्याने पहाटे नाव वल्हवून तुम्हांला पक्ष्यापाशी नेले, त्याचाच बांबू खुपावा? पळसदेवचे जुने मंदिर पाणी उतरले की उघडे पडते. त्याच्या चित्रातून कोळ्यांची जाळी काढतात. लग्नाच्या फोटोत नवरीचा चेहरा निवडून गोरा करतात, आणि मुलीच्या स्वतःच्या आईला ती ओळखू येत नाही. उन्हाने काळवंडलेला ऊसतोड कामगाराचा चेहरा सावलीतून वर काढणे हे एक काम, आणि त्याचा वर्णच बदलणे हे दुसरे. पहिले म्हणजे उजेड पाडणे. दुसरे म्हणजे त्याला तो आहे तसा नको म्हणणे. शेजाऱ्याचा बांध कोरणारा जे करतो, तेच हे.

कोणी म्हणेल, सजावटीच्या चित्रात एवढे काय? सजावट खुशाल करा. वाढदिवसाच्या फलकावर आभाळ कोणते लावले यावरून कोणाचे नुकसान होत नाही. पण जे चित्र ‘असे घडले’ म्हणून पुढे केले जाते, त्यात उभा असलेला माणूस उभाच राहिला पाहिजे.

आपल्या घरची बाई सुपात तांदूळ घेऊन निवडते तेव्हा ती खडा काढते, कणीसुद्धा टाकून देत नाही. ‘निवडणे’ हा शब्द आपल्या भाषेत त्या सुपाशेजारी वाढला आहे. पडद्यावर मुंग्यांची रांग फिरू लागली की तेवढे सूप डोळ्यांपुढे आणावे, आणि मग टिचकी मारावी.