स्टेपनी, डिकी आणि समृद्धीवरची इंग्रजी

एमएच ३२ पाटीच्या गाडीत बसणारे आपण वर्धेकर क्लच, गिअर, हॉर्न हे शब्द दिवसभर वापरतो. पंक्चरवाल्याला 'स्टेपनी काढा' म्हटलं की तो मुकाट कामाला लागतो. लंडनच्या गॅरेजात मात्र हेच सांगितलंत, तर समोरचा बहुधा बुचकळ्यात पडेल. वेल्समधल्या लॅनेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाकं तयार होत. ते नाव आपल्याकडे रुजलं. तिकडे आता 'स्पेअर व्हील'च म्हणतात. डिकीला ब्रिटनमध्ये 'बूट', अमेरिकेत 'ट्रंक'.

आता समृद्धी महामार्गावर चला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात येळाकेळीला किंवा विरूळला त्यावर चढता येतं. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, दुचाकीला मज्जाव.

समजा, तिथे गाडी बंद पडली. फोनवर 'द कार स्टॉप्ड' म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, गाडी नुसती थांबली. म्हणा, 'द कार ब्रोक डाउन'. क्लच झटकन सोडल्यानं इंजिन बंद पडलं, तर 'द इंजिन स्टॉल्ड'. हे शिकाऊंना फार लागतं! गाडी कडेला घेणं म्हणजे 'पुल ओव्हर'. आणि ट्रक मागे टाकलात, तर 'आय डिड ओव्हरटेक' कशाला? सरळ 'आय ओव्हरटूक अ ट्रक' म्हणा.