आपले पाय आपण पाहावेत

मंडळी, आम्ही मुंबईत माटुंग्याला राहतो. शेजारी वडाळ्याला ॲकवर्थ रुग्णालय आहे. ते १८९० साली कुष्ठरोग्यांसाठी निघाले. पूर्वी ते माटुंग्याच्याच नावाने ओळखले जाई. ॲकवर्थ साहेब तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. साहेब पोवाड्यांचे मोठे शौकीन, बरं का! शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी मराठी पोवाडे गोळा करून छापले.

त्या काळी या रोगावर खरे औषध नव्हते. आता आहे. गोळ्या सहा महिने किंवा बारा महिने घ्याव्या लागतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. रोग बरा होतो.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना हा रोग झाला होता. त्यांनी गोळ्या पुऱ्या केल्या. पुढे काही वर्षांनी ते आमच्या घरी आले. त्यांच्या बोटावर मोठा फोड होता. आम्हांला वाटले, रोग उलटला. आम्ही त्यांना दाराबाहेर बसवले आणि चहा वेगळ्या कपात दिला.

मामा शांतपणे म्हणाले, "मास्तर, हा रोग नाही. तवा उचलला. चटका बसला, पण कळलाच नाही."

आम्ही खाली मान घातली. त्यांना आत बोलावले.

मग मामांनीच आम्हांला समजावून दिले. हा रोग नसा मारतो. गोळ्यांनी रोगाचे जंतू मरतात, पण फार दिवस मेलेली नस बहुधा जागी होत नाही. मग काटा टोचला तरी दुखत नाही. माणूस तसाच चालत राहतो आणि जखम वाढते. तिथे घामही येत नाही. त्यामुळे कातडी सुकते आणि भेगा पडतात.

म्हणून मामा रोज संध्याकाळी पाय साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवतात. घट्टे वज्रीने हलकेच घासतात. अंग ओले असतानाच तेल लावतात. तळव्याखाली आरसा धरून पाहतात. मऊ तळाची, खिळे नसलेली चप्पल घालतात. घालण्याआधी ती झटकतात. भांडे फडक्याने धरतात. जखम दिसली तर ती झाकतात, चालणे बंद करतात आणि दवाखाना गाठतात. नवीन जागा बधीर वाटली, तर त्याच दिवशी जातात. लवकर गेले तर ती नस वाचू शकते.

जाताना मामांनी विचारले, "मास्तर, तुम्हांला मधुमेह आहे ना? तुमचे तळवे कधी पाहिलेत?"

कशाला पाहू? पण त्या रात्री आरसा घेतला. डाव्या टाचेत काचेचा बारीक तुकडा रुतलेला! किती दिवसांचा, देव जाणे. मधुमेहातही पायांची जाण जाते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी तुकडा काढला. ते म्हणाले, "मधुमेह असेल तर पाय भिजत ठेवू नका. धुवा, बोटांच्या बेचक्यांतही कोरडे पुसा आणि रोज पाहा."

आता आमचा आरसा उशाशी असतो. चष्मा लावूनही नीट दिसत नाही, तेव्हा नातवाला हाक मारतो.