पाण्यावरचे बिऱ्हाड

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंबरठा येतो, तुळशीवृंदावन येते, निदान चार भिंती तरी येतातच. परंतु ज्यांच्या घराला उंबरठा नाही आणि ज्यांच्या भिंती रात्रंदिवस हलत असतात, अशीही माणसे या जगात आहेत. शिडाच्या नौकेवरच ती आपला संसार थाटतात. मरीना, म्हणजे खासगी नौका बांधून ठेवण्याचे बंदर, हीच त्यांची आळी.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त कोचीला गेलो असता बोलगट्टी बेटावरील मरीनेत अशाच एका वृद्ध परदेशी जोडप्याची गाठ पडली. त्यांचे स्वयंपाकघर आपल्याकडील देवघराएवढे. मात्र माझे लक्ष वेधले ते बिनतारी संचाजवळ चिकटवलेल्या एका कागदाने. सोळावा चॅनेल लावावा, ‘मे-डे’ हा शब्द तीनदा उच्चारावा, मग नौकेचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप आणि माणसांची संख्या सांगावी, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. मी विचारले, “इतक्या वर्षांच्या प्रवासानंतरही आपणांस हे पाठ नाही?” म्हातारबुवा हसून म्हणाले, “हा कागद माझ्यासाठी नाही. मीच पाण्यात पडलो, तर हिने काय बोलावे ते त्यात आहे.”

त्या एका वाक्यात सज्जतेचे सारे शास्त्र आले. ज्ञान एकाच डोक्यात राहिले, तर ते डोके नाहीसे होताच सारी नौका आंधळी होते.

धक्क्याला बांधलेली नौका निर्धास्त असते, हाही भ्रमच. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती होताच तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. नौका शेजारी शेजारी बांधलेल्या असल्याने एकीची आग दुसरीला लागते. म्हणून जाणते लोक वायूची टाकी वापरानंतर मुळाशीच बंद करतात आणि पाणी आत घेणाऱ्या प्रत्येक झडपेजवळ तिच्या मापाची लाकडी गुडदी बांधून ठेवतात.

भर समुद्रात तर घाईही घात करते. 1979 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून फास्टनेट खडकाकडे शर्यतीसाठी 303 नौका निघाल्या आणि वादळात सापडून 15 स्पर्धकांना प्राण गमवावे लागले. खलाशांनी सोडून दिलेल्या 24 नौकांपैकी बुडाल्या त्या अवघ्या पाच. उरलेल्या पुढे तरंगताना सापडल्या. तराफ्याचा आश्रय घेतलेले काहीजण मात्र वाचले नाहीत. नौका खरोखर पायांखालून जाईपर्यंत तिला सोडू नये, हा धडा तेव्हापासून नाविकांच्या मनावर कोरला गेला.

आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरात मोडली. पाठीला जबर इजा झाल्याने त्यांना उठताही येईना. उपग्रहामार्फत गेलेल्या त्रोटक संदेशांमुळे आणि आधीच ठरलेल्या व्यवस्थेमुळे तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. धैर्य त्यांचे खरेच. पण त्या धैर्याला वाट मिळाली ती पूर्वतयारीमुळे.

माझा सारा जन्म आपत्तीच्या योजना फायलींत घालण्यात गेला. कोचीहून परतल्यावर मी मोठ्या अधिकाराने घरात विचारले, “विजेची मुख्य कळ कोठे आहे, ठाऊक आहे ना?” सौभाग्यवतींनी शांतपणे कळ दाखवली, सिलिंडरची चावी दाखवली, विम्याचे कागदही दाखवले. यांतले एकही मला ठाऊक नव्हते! आमच्या घराचा तांडेल कोण, हे त्या दिवशी उमगले.

आता आमच्याही भिंतीवर तसाच एक कागद आहे. आपण किनाऱ्यावर राहत असाल, तर आपल्या कागदावर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांकही असू द्या. आणि तो कागद घरातील सर्वांत लहान वाचत्या मुलाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.