मुतखडा फुटला, पुढे काय?

शरीराबाहेरून लहरींचा मारा करून मुतखडा फोडायचा पहिला उपचार १९८० साली जर्मनीत, म्युनिकमध्ये झाला. चिरफाड नसते, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पण खडा फुटला म्हणजे गेला असं नव्हे. त्याचा चुरा लघवीवाटे उतरायला कधी काही आठवडे लागतात. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, कमरेवर काळंनिळं दिसतं. त्याने घाबरू नका. लघवी गाळून घ्या आणि सापडलेले कण डबीत घालून डॉक्टरांना द्या. खडा कशाचा होता, ते तपासणीत कळतं.

पाणी मात्र दिवसभर, थोडंथोडं. हृदयाचा त्रास असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारा. कल्याण-शीळ रस्त्यावर शीळफाट्याच्या वाहतूककोंडीत तासन्‌तास अडकणारी माणसं, विशेषतः बायका, वाटेत सोय नाही म्हणून पाणीच टाळतात. खड्याला हेच हवं असतं! तेव्हा अशा रस्त्यावरून रोजचं जाणं असेल, तर थोडे दिवस रजाच टाका. बीअरने खडा पडतो म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजून वाटेला लावा.

उपचारासाठी बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी मनाने सुरू करू नका. हुडहुडी भरून ताप आला, लघवी अडली किंवा कळ थांबेना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन लावा.