प्रोबायोटिक कॅप्सूल आणि घरचे विरजण
(लोणी काळभोर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

ज्या गावाच्या नावातच लोणी आहे, तेथे विरजणाचे महत्त्व सांगावयास नको. तथापि आता घरोघरी प्रोबायोटिक कॅप्सूलही येऊ लागल्या आहेत. केस दाट, त्वचा नितळ, रक्तातील साखर आटोक्यात, अशी त्यांची जाहिरात होते. या दाव्यांत तथ्य किती, हे पाहणे हिताचे ठरेल.

पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी प्रोबायोटिकची व्याख्या जागतिक तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. मूळ विचार त्याहून जुना आहे. १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी एली मेचनिकॉफ यांनी आंबविलेल्या दुधाचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला होता. मात्र एकाच जातीच्या दोन वाणांचे गुणही भिन्न असतात. म्हणून एका वाणाचा लाभ दुसऱ्याच्या नावे सांगता येत नाही.

त्वचेविषयी फिनलंडमधील २००१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गर्भवती मातांना व नंतर बाळांना विशिष्ट जिवाणू दिल्याने दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. परंतु जडलेल्या इसबावर उपचार म्हणून लाभ नगण्य, असा निष्कर्ष २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने काढला. केसांबाबत ठोस पुरावा नाही. केस गळत असतील तर आधी लोह व थायरॉइड तपासावे. शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ देखील पाहावे. मधुमेहात काही प्रयोगांत साखर किंचित उतरली, पण त्या भरवशावर औषध बंद करणे घातक आहे. रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना ही कॅप्सूल घेऊच नये.

श्रावकांसाठी आणखी एक विवेक आवश्यक आहे. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडे-कातड्यांपासून केलेले असते. वेष्टनावर हिरवा ठिपका, वाणाचे नाव, जिवाणूंची संख्या व मुदत पाहावी. जिवंत सूक्ष्मजीवांच्या सेवनाविषयी शंका असल्यास गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे.

आतड्यातील हितकर जिवाणूंना तंतुमय आहार लागतो. कांदा-लसूण वर्ज्य असले तरी ज्वारी, बाजरी, डाळी व फळे यांतून तो मिळतो. द्विदलाचा नियम सांभाळून घेतलेले ताजे दही पौष्टिकच आहे. मात्र त्यासही औषध मानू नये. आहारात संयम आणि आजारात वेळेवर तपासणी, ही दोन्ही पथ्ये पाळणाऱ्याचे आरोग्य जाहिरातीवर अवलंबून राहत नाही.