कोकणच्या डोंगरातलं एक ऋण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



बोलण्यासाठी आम्हाला कृतज्ञता हा विषय दिला आहे. मंगलसुत्तात तथागतांनी ज्या मंगल गोष्टी मोजल्या त्यात कृतज्ञता आहे, पालीत तिला कतञ्ञुता म्हणतात, हे आपण दर पौर्णिमेला पठणातून ऐकतोच. पण आज सुत्ताचा अर्थ सांगायला आम्ही उभे नाही. आपल्याच विहारात घडलेली एक गोष्ट सांगायची आहे आणि ती थोडी अडचणीची आहे. समितीतल्या काहींनी विचारलं, हे सर्वांसमोर कशाला? आम्ही म्हटलं, घरातली चूक घरातच सांगायला काय हरकत?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग नावाचं चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळ किनाऱ्यावर थांबलं नाही, डोंगर चढून आत गेलं. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मंडणगड आणि दापोली हे तालुके त्यात फार भरडले. घरांची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, कितीतरी वाड्या कित्येक दिवस अंधारात राहिल्या. त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईचा चाकरमानी एकतर नोकरी गमावून गावी येऊन बसलेला, नाहीतर मुंबईत अडकलेला.

मंडणगड आणि दापोली म्हणजे कोणते तालुके? बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आणि माता रमाईंचं वणंद दापोली तालुक्यात. ज्या दोन घरांमुळे आपण आज माणूस म्हणून इथे बसलो आहोत, त्या दोन्ही घरांच्या गावांवरून ते वादळ गेलं.

त्या जून महिन्यात आपल्या समितीची बैठक झाली. तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून सात-आठ जण बसलो होतो. भिंतींच्या रंगकामासाठी जमवलेले ११,००० रुपये शिल्लक होते. ते कोकणात पाठवावेत अशी सूचना एका तरुणाने मांडली. तेव्हा आमच्यापैकीच कोणीतरी बोललं, "२०१४ ला आपल्याकडे गारपीट झाली तेव्हा कोण आलं होतं? २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या तेव्हा कोकणातून कोणी विचारलं का?" बोलणारा दुष्ट नव्हता. पोटच्या पोरासारखी वाढवलेली मोसंबीची झाडं त्याच्या भावाने स्वतःच्या हाताने तोडली होती. आम्ही सारे गप्प बसलो. इतिवृत्तात लिहिलं गेलं, "पुढील बैठकीत विचार व्हावा." पुढच्या बैठकीत कोणी तो विषय काढला नाही. भिंतींना रंग मात्र लागला. हाच तो रंग, समोर दिसतो आहे.

पुढे २०२३ साली २० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी आपली बस महाडला गेली. १९२७ च्या त्या सत्याग्रहाबद्दल आपल्या पोरांना पाठ आहे, पण तळं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आंबडव्याला जायचं ठरलं. घाटातल्या वळणांनी निम्मी पोरं ओकून बेजार झाली, आपल्या सपाट मुलखातल्या पोटांना ती सवय नाही. वाटेत बस तापली म्हणून एका डोंगरउतारावरच्या बौद्धवाडीपाशी थांबलो. तिकडे वस्तीला बौद्धवाडी असंच म्हणतात. पंधरा-वीस घरं, खाली दरी, वर काजूची कलमं.

एक मावशी पाण्याचा हंडा घेऊन आल्या. कुठले तुम्ही, असं त्यांनी विचारलं. जालन्याचे, आम्ही म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी घरातल्यांना हाक मारली, "अगो या, लाईटवाल्यांच्या गावची माणसं आलीत!"

प्रकार असा होता. वादळानंतर वीज सुरू करायला महावितरणची पथकं बाहेरच्या जिल्ह्यांतून कोकणात आली होती. एक पथक या वाडीवर पावसात चिखल तुडवत खांब खांद्यावर वाहून चढलं. ती मुलं कुठल्या जिल्ह्याची, हे मावशींना ठाऊक नव्हतं. बोली आपल्यासारखी होती एवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं. मराठवाड्याची असतील किंवा नसतीलही. पण अंधार संपून ज्या रात्री दिवा लागला, त्या रात्रीचे आभार मावशी आमच्या ओंजळीत घालत होत्या. आणि आमच्या डोळ्यांपुढे इतिवृत्ताचं ते पान येत होतं.

तिथे आम्ही खूप वेळ बसलो. मावशींनी वादळाची हकीकत सांगितली. वारा सुटला तेव्हा अकरा माणसं एकाच पक्क्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होती. सासऱ्यांच्या हातचा रायवळ आंबा मोडून गोठ्यावर पडला. गाय वाचली. नंतर मिळालेल्या भरपाईचाही विषय निघाला. कोकणात जमीन गुंठ्यांत आणि झाडं वाटणीत, तिथे हेक्टरी हिशेब बसेना, म्हणून पुढे सरकारने झाडामागे रक्कम ठरवली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. फळ द्यायला वर्षानुवर्षं घेणारं झाड आणि ५० रुपये! आपल्या मोसंबीवाल्यांना हे गणित समजावून सांगायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भरपाई हा हक्क आहे, तिचे उपकार मानायचे नसतात. २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी, दोन्ही वेळी मदतवाटपात दलित वस्त्यांना डावलल्याच्या नोंदी झालेल्या आहेत. तेव्हा मिळेल ते कपाळाला लावा, असं सांगणारी कृतज्ञता आपल्या कामाची नाही. आपल्या आजी-आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्ला, तो घामाचा मोबदला होता. आणि हे मागच्या जन्मीचं पाप म्हणून घडलं, असं कोणी म्हणालं तर त्यालाही बाबासाहेबांच्या धम्मात जागा नाही. समुद्र तापला, वारा फिरला, वादळ झालं. त्याला कारणं आहेत. पण खांब खांद्यावर घेऊन चिखलातून वर चढणारा पोरगा, त्याचा पगार त्याला मिळत असला तरी, हक्काच्या हिशेबात पुरता बसत नाही. मावशींना हा फरक कोणी शिकवला नव्हता. तहसीलबद्दल त्या चांगल्या कडक बोलत होत्या आणि त्या पोरांबद्दल बोलताना डोळे पुसत होत्या.

वाडीचं विहार छोटंसं, पत्र्याचं. वादळात छप्पर गेलेलं, वाडीतल्या तरुणांनी पुन्हा घातलं. बुद्धमूर्तीखालचं मेज त्या पडलेल्या आंब्याच्या फळ्यांचं आहे. बोधिप्राप्तीनंतर तथागतांनी सात दिवस बोधिवृक्षाकडे न पापणी लववता कृतज्ञतेने पाहिलं, असं परंपरा सांगते. आम्ही ते मेज पाहत उभे राहिलो, त्याला कारण थोडं निराळं होतं. आम्हाला मान वर करवत नव्हती.

शेवटी आमच्यातल्या सर्वांत वयस्क उपासिका, आपण साऱ्या ज्यांना आजी म्हणतो, त्या सरळ बोलल्या, "बाई, ती पोरं आमची होती का नव्हती, ठावं न्हाई. पर आम्ही तुमाला काय बी धाडलं न्हाई. पैसे व्हते, तरी न्हाई धाडले."

मावशी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आता आलात ना. जेवून जा."

चाळीस माणसांना त्या वाडीने घराघरातून तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि कोवळ्या फणसाची भाजी जेवू घातली. आजींनी निघताना कनवटीचे ५०० रुपये विहाराच्या दानपेटीत टाकले. मग आम्ही सर्वांनी टाकले. परत आल्यावर ११,००० रुपये नव्याने वर्गणी काढून पाठवले. उशिराने गेलेल्या पैशाने छप्पर होत नाही हे आम्ही जाणतो. त्यांनी त्याची काजूची रोपं घेतली असं कळवलं.

आता अलीकडचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर पाऊस कोसळला. सोयाबीन-कपाशी पाण्यात गेली, गोदाकाठी अंबड-घनसावंगीकडे गावांत पाणी शिरलं. आमच्या सोयऱ्यांपैकी किती जणांचे फोन आले ते सोडून द्या. त्या वाडीतून दुसऱ्याच दिवशी आला. "पाणी घरात आलं काय? आजी बऱ्या हायत ना?" आठवड्याने ट्रान्सपोर्टने तांदळाची दोन पोती आली. वाडीतल्या प्रत्येक घराने मापटं-मापटं टाकलेलं होतं. आम्ही ती गोदाकाठच्या वस्तीवर नेली. या वेळी बैठक बोलावली नाही, इतिवृत्तही लिहिलं नाही. ज्या गृहस्थाने २०२० साली तो प्रश्न विचारला होता, त्यानेच आपला टेम्पो काढला, आणि डिझेलचे पैसे दिले तर घेतले नाहीत.

या वर्षी समितीने एक ठराव केला आहे. दानपेटीच्या दहा रुपयांतला एक रुपया वेगळ्या डब्यात राहील आणि तो फक्त आपत्तीतल्या माणसांसाठी निघेल, मग ती कुठल्याही जिल्ह्याची आणि कुठल्याही जातीची असोत. हा डबा रंगकामाला उघडायचा नाही, असं ठरावात मुद्दाम लिहून घेतलं आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा आंबडवे आणि वणंदला जायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्यावीत, आणि ज्यांना घाट लागतो त्यांनी लिंबू बरोबर ठेवावं.

मावशींनी फोनवर बजावून सांगितलं होतं की पोत्यातले दोन किलो तांदूळ तुमच्या विहारात खिरीला ठेवा. ते ठेवले होते. आज दुपारची खीर त्या तांदळाची आहे. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये.

नमो बुद्धाय, जयभीम.