एका घरांतील अनेकांचा हिशेब

शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं पुण्यामुंबईस आलेले तरुण दोघे-तिघे मिळून एक घर भाड्यानें घेतात. पहिल्या महिन्यांत सारें गोड असतें. पुढें दुधाच्या बिलावरून शब्दास शब्द लागतो आणि वर्षाअखेर जुनी मैत्री तुटते. भांडण पैशाचें दिसतें. परंतु त्याच्या मुळाशीं आपल्यावर अन्याय झाला ही टोंचणी असते.

ही राहणी मुंबईस नवी नाहीं. विसाव्या शतकांत गिरणींत कामास आलेले एका गांवचे पुरुष चाळींत मिळून खोली घेत. बी. डी. डी. चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची. प्रत्येकाच्या वांट्यास पथारीपुरतीच जागा येई, तेव्हां भाडें सारखें वांटणें न्याय्यच होतें. जेवणाची व्यवस्था खाणावळींत. तेथें गांवीं गेलेल्याचे खाडे धरून पैसे वजा करण्याची चाल होती. जागेचा पैसा जागेप्रमाणें, अन्नाचा पैसा जेवणाप्रमाणें, हें तत्त्व त्या व्यवहारांत होतें.

आजच्या घरांत मात्र खोल्या सारख्या नसतात. समजा, दोघांनीं २४,००० रुपये भाड्याचें घर घेतलें. एक खोली मोठी व हवेशीर, दुसरी लहान. प्रत्येकानें दोन्ही खोल्यांची आपल्या मतें योग्य किंमत चिठ्ठीवर लिहावी. बेरीज २४,००० झाली पाहिजे. पहिला मोठीस १४,००० व लहानीस १०,००० लिहितो. दुसरा १३,००० व ११,००० लिहितो. मोठी खोली पहिल्यानें घ्यावी व तिचें भाडें मधलें, म्हणजे १३,५०० धरावें. लहानीचें १०,५०० होतें. दोघांनाही आपापली खोली स्वतःच्या अंदाजाहून ५०० रुपयांनीं स्वस्त पडते! माणसें व खोल्या कितीही असोत, कोणासही दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटूं नये अशी भाड्याची वांटणी कांहीं साध्या अटींवर करतां येते, हें फ्रान्सिस सू या गणितज्ञानें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत सिद्ध केलें आहे.

इतर खर्चांचे दोन वर्ग करावे. इंटरनेट, घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार हे कोणी गांवीं गेला तरी कमी होत नाहींत. ते सर्वांनीं सारखे द्यावे. किराणा, दूध, गॅस यांस खाडे लावावे. एकाच्याच खोलींत वातानुकूलन यंत्र असेल, तर त्याचें जादा वीजबिल त्यानेंच सोसावें. येथें एक नाजूक गोष्ट आहे. मिळकत सर्वांची सारखी नसते. महागडी वस्तु आणण्याचें ठरतांना कमी पगाराच्या मुलास नको म्हणण्याचा संकोच वाटतो. तो मुकाट्यानें पैसे देतो आणि मनांत कुढतो. म्हणून समाईक खर्चाची मर्यादा ठरवितांना ज्याची ऐपत सर्वांत कमी, त्यास प्रथम बोलूं द्यावें.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणें घरमालकाशीं होणारा करार लेखी व नोंदलेला असावा लागतो. परक्याशीं जी दक्षता घ्यावयाची, ती मित्राशीं कां घेऊं नये? अनामत कोणाची किती, मध्येंच घर सोडणाऱ्यानें किती दिवस आधीं सांगावें, हें राहावयास जाण्यापूर्वीं एका कागदावर लिहून सर्वांनीं सह्या कराव्या. लिहून ठेवणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे. हिशेब वहींत राहिला म्हणजे तो मनांत ठेवावा लागत नाहीं.